सदाशिवचं शेवाळ

सांगली,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सदा,

तू नको म्हणाला होतास, ते मी केलं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. तुझं नाव मी छापलं.

वनस्पतिशास्त्राच्या मासिकाचा अंक गेल्या सोमवारी कॉलेजात आला. आपल्या माळावरच्या शेवाळाला आता जगात नाव आहे. टॉर्ट्युला सदाशिवी. लॅटिनमध्ये माणसाच्या नावापुढे ही ‘ई’ लावली की आपल्या ‘चं’सारखा अर्थ होतो. सदाशिवचं. एवढं साधं आहे बघ.

पण पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठी नाही. सोमवारी जे झालं त्याने आठवडाभर घास गोड लागलेला नाही.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी स्टाफरूममध्ये चहा दिला. हार घातला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, “काटकर, एका गोष्टीचं मला विशेष कौतुक वाटतं. विलायतेतले लोक आपली नाहीतर आपल्या साहेबाची नावं देतात. तुम्ही साक्षात शंकराचं नाव दिलंत! सदाशिव! वा!”

टाळ्या पडल्या, सदा. आणि मी काय केलं? हात जोडले. हसलो. ‘नाही साहेब, हा सदाशिव म्हणजे माझा धाकटा भाऊ,’ एवढंच तर म्हणायचं होतं! पण त्यापुढे कोणीतरी विचारलं असतं, भाऊ काय करतात? मग तू लढाईत होतास हे आलं असतं, मग कुठल्या आघाडीवर, आणि मग ते एक वाक्य. ते माझ्या तोंडून निघेना. हार गळ्यात टोचत होता आणि मी देवाच्या नावामागे लपून चहा पीत होतो.

तू कधी लपला नाहीस. ह्याच कॉलेजात, ह्याच इमारतीत, तू ते वाक्य सरळ उभं राहून बोलला होतास. त्यावर येतो पुढे.

तुझं परत येणं आठवतं का रे? मी तेव्हा मुद्दाम रजा काढून गावी आलो होतो. लढाई संपून महिने झाले होते. सडकेवर मोटारीतून उतरून तू एकटाच चालत आलास. खांद्याला पिशवी आणि अंगात कुणाचा तरी ढगळ कोट. आबा ओसरीवर बसले होते, तू टाच जुळवून त्यांना सलाम ठोकलास. सुभेदार होऊन पेन्शनीत निघालेला माणूस, सलामाला सलाम दिल्याशिवाय कधी राहिला नाही. त्या दिवशी त्यांचा हात मांडीवरून उचललाच गेला नाही. आईला म्हणाले, “त्याला पानी दे,” आणि आत निघून गेले.

आपल्या गावात घराघरातून माणूस पलटणीत गेलेला. कोणी परत आला, कोणाची तार आली. दोन्हीची गावाला सवय होती. लिबियाच्या वाळवंटात पकडला गेलेला, तारेआड बसून लढाई संपायची वाट बघितलेला, असा मात्र तू एकटाच! तुझ्याबरोबर भरती झालेली आपल्या आळीतली दोघं तिकडंच राहिली. तू आलास, ह्याचाच गावाला राग.

चहाच्या दुकानात कोणीतरी विचारलं होतं, “काय रं गड्या, दोन्ही हात वर क्येलं व्हय?” मग पोरांनी ते उचललं. तू रस्त्याने निघालास की भिंतीशी उभी राहून दोन्ही हात वर करायची. आबा ओसरीवरून बघायचे आणि पोरांना एका शब्दाने हटकायचे नाहीत. मीही कुठे हटकलं? मी तर चष्म्यामुळे भरतीतून परत पाठवलेला. त्या गावात कुणाला काय बोलायचा माझा हक्कच नव्हता, असं मला वाटायचं. आपण दोघं भाऊ, एक न गेलेला आणि एक न मेलेला!

तू माळावर जायला लागलास. सकाळी भाकरी बांधून घ्यायचास ते दिवेलागणीलाच परत. आई म्हणायची, “त्याच्या डोस्क्यावर परिनाम झालाय, नारायणा. जरा बघ.” दिवाळीच्या सुट्टीत आलो तेव्हा बघायला म्हणून तुझ्यामागे आलो.

तू पालथा पडला होतास. तोंड खडकाला टेकलेलं.  धावत जवळ आलो तर तू बाटलीतलं पाणी थेंबाथेंबाने दगडावर ओतत होतास.

“सदा, काय करतोस?”

“गप. बघ नुसतं.”

खडकाच्या खाचेत काळपट बुरशीसारखं काहीतरी होतं. मी हजारदा त्याच्यावर पाय देऊन गेलो असेन. पाणी पडलं आणि ते हललं. खरंच हललं! आवळलेली पानं एकेक करून उलगडली, आणि आपण बघता बघता त्या काळ्या डागाचा हिरवागार गालिचा झाला, तळहाताएवढा.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. पुस्तकात हे शंभर वेळा वाचलेलं. तरी मी तुझ्याशेजारी पालथा पडलो आणि लहान पोरासारखा ‘आणखी ओत, आणखी ओत’ म्हणायला लागलो.

तेव्हा तू पहिल्यांदा तिकडचं बोललास. पकडल्यावर त्यांनी तुम्हाला वाळवंटात उघड्यावरच तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. पाणी मोजून मिळायचं. कुंपणाच्या आत एक खडक होता, त्याच्यावर असंच काळं काहीतरी. पहाटे दव पडलं की घटकाभर हिरवं व्हायचं, ऊन चढलं की परत काळं.

“दादा, तिथं नजर जाईल तिथवर हिरवं म्हनून काय न्हवतं. मी माझ्या वाटनीचा शेवटचा घोट त्याच्यावर टाकायचो. आमच्यातला एकजन लय चिडला. म्हनला, पानी प्यायचं का दगडाला पाजायचं?”

“मग तू काय म्हणालास?”

“काय म्हननार? त्याचं बी बरूबर हुतं.”

तू हसलास. परत आल्यावर पहिल्यांदा.

मी खडकावरचा एक तुकडा कागदात गुंडाळून सांगलीला आणला. त्याला आम्ही कॉलेजात मॉस म्हणतो, म्हणजे शेवाळच, पण पाण्यातलं नव्हे. कोरड्या मुलखातल्या शेवाळांच्या पानांना टोकाला बहुधा पांढरा केस असतो. आपल्यात नव्हता. पानाच्या कडा आत वळून एकमेकींना चिकटल्या होत्या, जणू पानाने स्वतःलाच पांघरूण घेतलंय. मी पुस्तकामागून पुस्तक काढलं. कशातच बसेना! आनंदाने मला उभं राहवेना आणि बसवेना. पुण्याला आमच्या जुन्या प्रोफेसरांकडे धावलो. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघितलं आणि थंडपणे म्हणाले, “असेल नवीन. पण बोंड कुठाय? बोंडाशिवाय नाव देता येत नाही.”

बोंड म्हणजे काय ते मी तुला ओसरीच्या पायरीवर काढून दाखवलं होतं. केसासारख्या देठावर मोहरीहून बारकी डबी. तिच्या तोंडाशी दातांची कड असते. शेवाळ ओळखायचं ते ह्या दातांवरून. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, “कवा येतं?”

“परतीच्या पावसानंतर, थंडीत. आलं तर.”

त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. माण भागाला ते काही नवीन नव्हतं. तरी तू माझं भिंग घेऊन सगळा हिवाळा माळ पालथा घातलास. गावाने नवीन नाव ठेवलं, कैदी आता दगडं हुंगतो. खोकला तेव्हाच सुरू झाला होता ना? मला सांगितलं नाहीस. मी सांगलीत बसून तुला निरोप धाडत होतो, ‘उत्तरेकडच्या उतारावर बघ, सावलीत बघ.’ पहाटेच्या थंडीत दगडावर छाती टेकून पडायला मी तुला पाठवत होतो आणि ती छाती कैदेतून पोखरून आली होती! हे मला कुठे ठाऊक होतं? पण विचारायला तर हवं होतं. मोठा होतो ना मी?

दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला. पौषात एक दिवस तू न कळवता कॉलेजच्या दारात उभा. म्हसवडहून विट्यावरून मोटारी बदलत आला होतास. मांडीवर पत्र्याचा डबा धरून आला असशील, कारण खडकासकट आणलेल्या त्या शेवाळाचं एक बोंडही मोडलं नव्हतं.

प्रयोगशाळेत आपण दोघं एकाच स्टुलावर आळीपाळीने बसलो. टॉर्ट्युला कुळातल्या इतर शेवाळांच्या बोंडाचे दात लांब असतात आणि दोरीसारखे पीळ घेतात, कुळाचं नावच पिळावरून पडलंय. आपल्यातले दात आखूड, आणि पीळ जेमतेम सुरू होऊन थांबलेला. मी ओरडलोच, “सदा, नवीन आहे! नक्की नवीन आहे!”

ओरडणं ऐकून माझे दोघे सहकारी आले. एकाने तुझ्याकडे बघून विचारलं, “हे कोण?”

“माझा भाऊ. मिलिटरीत होता.”

“वा! कुठल्या आघाडीवर?”

मी तोंड उघडायच्या आत तू उठून उभा राहिलास. “लिबियात कैदेत हुतो, साहेब. तिथून इटलीला न्हेलं.”

विचारणारा वाकून पत्र्याचा डबा बघायला लागला. मी सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू उगाच फिरवत राहिलो.  आमच्या प्रयोगशाळेतले मुल्लाचाचा काचा धूत होते, ते हात पुसत आले आणि तुला म्हणाले, “जिवंत आलास बाबा. आईचं नशीब.” मग तुझ्यासाठी बाहेरून चहा घेऊन आले. एवढ्या शिकलेल्यांच्या खोलीत ते एकच वाक्य माणसासारखं होतं, आणि ते मी बोललो नव्हतो.

त्याच दिवशी तुझ्या रुमालावर रक्त दिसलं.

मिरजेच्या दवाखान्यातले महिने तुला माहीत आहेत, ते काय लिहू! मी संध्याकाळी सायकलवर यायचो आणि चित्रं घेऊन यायचो. पान, पानाचा आडवा छेद, बोंड, दात. तू उशीला टेकून बघायचास. “ह्यो दात जाड काडलास,” म्हणायचास, आणि मी म्हणायचो, “जाड नाही, बाजूने दिसतोय तसा.” आपण त्यावर भांडायचो! लॅटिन वर्णन वाचून दाखवलं तेव्हा तू विचारलंस, “ही भटजीची भाषा व्हय रं?”

“व्हय. गोऱ्या भटजींची.”

हसता हसता तुला उबळ आली आणि नर्सबाई मला रागावल्या.

आबा आले नाहीत. आई आली की तू तिच्या मागे दाराकडे बघायचास. ते मी पाहिलं होतं, तुला वाटत असेल नाही पाहिलं.

आणि मग ते बोलणं. मी म्हणालो, शेवाळाला तुझं नाव देणार.

“नगं दादा.”

“का?”

“नाव घातलंस की मान्सं इचारतील ह्यो कोण. मग सांगाया लागंल. आबा जित्ते हायत. त्यांना आनि कशाला तरास? गावाचं नाव दे की.”

मी ‘बरं’ म्हणालो. तू तसाच डोळे मिटून पडलास. त्यानंतर आठवडाही नाही काढलास.

गावाचं नाव! सदा, मी खरंच तसं लिहायला बसलो होतो. गावाचं नाव लॅटिनमध्ये कसं होईल तेही काढलं. पण ज्या गावात पोरं हात वर करून उभी राहत होती, ज्या गावातून तुझ्या तिरडीमागे एकही जुना शिपाई आला नाही, त्याचं नाव मी तू शोधलेल्या बोंडाला द्यायचं? पेन पुढे जाईना. विलायतेतल्या संग्रहालयातल्या साहेबांकडे नमुना पाठवला होता. त्यांचं उत्तर यायला फार दिवस लागले. नवीन आहे, छापा, असं आलं आणि मी तुझं नाव लिहून टाकलं. नमुना गोळा करणारा म्हणून खाली ‘नाईक सदाशिव काटकर’ असंही लिहिलं. हुद्द्यासकट, पण बारीक टाइपात; प्रिन्सिपॉलसाहेबांची नजर तिथवर गेली नसावी. मेलेल्या भावाला दिलेला शब्द मोडला. आणि मोडून वर सोमवारी देवाचं नाव म्हणून खपवला!

शुक्रवारी मला राहवलं नाही. अंक घेऊन गावी गेलो.

आबा आता थकलेत. ऐकायला कमी येतं, पण डोळे अजून चांगले आहेत. पलटणीत ते रोमन अक्षरं शिकलेले. त्यात हिंदुस्थानी लिहायचे, तुला आठवतच असेल. मी अंक उघडून त्यांच्यासमोर धरला. म्हणालो, “आबा, शेवाळ छापून आलं.” त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर जोडायला सुरुवात केली. एस, ए, डी, ए. बोट थांबलं. परत पहिल्यापासून लावलं.

“सदाशिव?”

“व्हय आबा. सदाशिवी. म्हणजे सदाशिवचं.”

आता एक नियम तुला सांगायचा राहिला होता. शेवाळाच्या नावापुढे, ज्याने वर्णन छापलं त्याचं आडनाव लावतात. म्हणून छापलेलं असं आहे: टॉर्ट्युला सदाशिवी काटकर. ते काटकर म्हणजे मी. ते बघून माझी मलाच शरम वाटली होती, तुझ्या पाठीवर बसून गाव फिरल्यासारखी.

आबांचं बोट पुढे सरकलं. त्यांनी तेही अक्षर अक्षर वाचलं. मग म्हणाले, “आडनाव बी घातलंस त्याचं.”

मी काही बोललो नाही. तुला सांगतो, ह्या एका गप्प बसण्याची मला लाज वाटत नाही.

काल पहाटे उठलो तर ते अंगणात उभे. कोट घातलेला, छातीवर सगळी पदकं, हातात काठी. “चल. दाव मला.”

आम्ही गावातून गेलो. चहाच्या दुकानातली माणसं उठून उभी राहिली. “आवं सुभेदार, एवढ्या थंडीत कुनीकडं?”

आबा थांबले. “आमच्या सदाचं शेवाळ बघाया.”

कुणाला काही कळलं नाही. कुणी हसलंही नाही. मी मागे चालत होतो, बरं झालं, माझं तोंड कुणाला दिसलं नाही.

माळावर दव होतं. खडकाची ती बाजू हिरवी झाली होती. आबांना वाकता येत नाही, मी हात धरून त्यांना शेजारच्या दगडावर बसवलं. ते पुष्कळ वेळ बघत राहिले. ऊन वर आलं, हिरवं आखडायला लागलं, तरी उठेनात.

“नारायणा, त्यो आला त्या दिवशी मी त्याला काय म्हनलो, ठावं हाय तुला?”

“न्हाई आबा.”

“गोठ्यात गाठला. म्हनलो, बाकीच्यांच्या आईबापाला मी तोंड कसं दावू? तू का आलास? त्यो म्हनला, आबा, साहेबाचा हुकूम हुता, हत्यारं खाली ठेवा. मी म्हनलो, हुकमाच्या आड लपू नगंस.”

तू हे मला कधीच सांगितलं नाहीस, सदा! मिरजेला इतके महिने होतास, एकदाही नाही!

आबांनी काठी जमिनीत रुतवली. तिच्यावर दोन्ही हात ठेवले. “मी बी जलमभर हुकूमच पाळला की रं. मला तसला हुकूम कवा मिळाला न्हाई, एवढंच.”

मी त्यांना रडताना ह्याआधी पाहिलं नव्हतं. तू गेलास तेव्हाही नाही. मला काय करावं कळेना. मी चष्मा काढून पुसत बसलो, आणि ऊन चांगलं तापल्यावर त्यांना हात देऊन उठवलं.

उद्या सोमवार आहे. पहिल्या तासाआधी सगळे स्टाफरूममध्ये असतात. मी तुला वचन देतो, उद्या मी उभा राहून सांगणार आहे की हा सदाशिव देव नव्हे. तो नाईक सदाशिव काटकर, माझा धाकटा भाऊ, लिबियात हुकमाने हत्यार ठेवून कैदेत गेला आणि जिवंत परत आला. हे मी तुझ्यासारखंच सांगेन, मान खाली न घालता. आवाज कापला तर कापू दे.

तुझाच,
नारायणदादा